बाहेरची पंगत

वैशाखात आष्ट्याला गेलो की कुठून ना कुठून आचाऱ्याच्या चुलीचा धूर येतो. घरच्या चुलीचा धूर वेगळा, शेण्या-काटक्यांचा, मऊ. हा धूर बाभळीच्या ओंडक्यांचा. तो डोळ्यांत जातो आणि त्यात आमटीची फोडणी, चिरलेली वांगी, उकळता गूळ असं सगळं मिसळलेलं असतं. एस.टी.तून उतरल्यावर स्टँडपासून घरापर्यंत जायचं तर वाटेत दोन तरी मांडव लागतात. आंब्याचे टहाळे उन्हानं कोमेजलेले असतात, कर्णा ओरडत असतो, मांडवाच्या मागे कुणीतरी मोठ्या उलथन्यानं भात हलवत असतं. लोकांना तो वास आला की भूक लागते. मी गेली सहा वर्षं तो वास आला की रस्ता ओलांडून पलीकडनं जातो.

या वर्षी माझ्या थोरल्या मुलीचं, नीलाचं लग्न आहे. म्हणजे मलाही आचाऱ्याकडं जाऊन बसणं आलं. पानं किती, दर काय, भाजी कसली. हे काम मी आयुष्यात एकदाच केलं, माझ्या बहिणीच्या लग्नात, दुष्काळाच्या उन्हाळ्यात. ते काम मी चोख केलं होतं. इतकं चोख, की अजून त्याचा विसर पडत नाही.

त्या उन्हाळ्याचा रंग मला लाल आठवतो. रेशनवर लाल मिलो, अमेरिकेची ज्वारी, यायचा आणि त्याची भाकरी विटकरीच्या रंगाची व्हायची. कृष्णा जवळ म्हणून आमच्या भागात निदान ऊस तगून होता, पण विहिरी तळाला गेल्या होत्या. कवठे महांकाळकडची माणसं बायकापोरांसह इकडं आली होती. सडकेच्या कडेला त्यांची पालं होती. दुष्काळी कामावर ती खडी फोडायची. सायकलवरून जाताना हातोड्यांचा ठक ठक आवाज मैलभर सोबत करायचा. बायकांचे केस, भुवया, पापण्या खडीच्या धुळीनं पांढऱ्या झालेल्या असत. तरुण आहे की म्हातारी, हे चेहऱ्यावरून कळत नसे.

मी सांगलीला सरकारी कचेरीत हिशेब तपासनीस. दुसऱ्यांच्या वह्या तपासायच्या, ज्या खर्चाचं कारण दिलेलं नाही त्यावर लाल खूण करायची, हा माझा रोजचा धंदा. आबा, म्हणजे माझे वडील, आष्ट्यातच पोस्टमन होते आणि निवृत्त झाले होते. सुमन माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान. तिचं लग्न शिरवळच्या एका घरात ठरलं. मुलगा फौजेत नाईक, वीस दिवसांची रजा घेऊन आलेला. त्यामुळं पाऊस पडू दे, पीक येऊ दे, मग बघू, असं म्हणायची सोय नव्हती.

आबांनी फंडातले पैसे माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "हिशेब तुझा. मला त्यातलं काय कळत न्हाई."

सुमननं एकच गोष्ट मागितली होती. मी अंगणात यादी लिहीत बसलो होतो, ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "दादा, दागिना नसला तरी चालेल. मला शिवणाचं मशीन दे. ते वर्षातले दहा-अकरा महिने तिकडं सरहद्दीवर. मी काय भिंतीकडं बघत बसू?"

सांगलीत एका शिंप्याकडं वापरलेलं मशीन होतं. पायाचं, चांगल्या अवस्थेतलं. दीडशे रुपयांच्या खाली तो यायला तयार नव्हता. मी चार वेळा बेरीज मांडली आणि चारही वेळा तेच दीडशे रुपये कमी पडले. मंडप, वाजंत्री, कपडे, भांडी, कुठंच कापता येईना. राहिलं जेवण.

आष्ट्यात तेव्हा आचारी म्हणजे शिदू. दोन तांब्याचे हंडे, एक कढई, चार माणसं आणि बायको गौराक्का, एवढाच त्याचा पसारा. मूळचा मिरजेच्या पलीकडचा, बोलण्यात कानडी हेल. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण शंभर पानांना तांदूळ किती, डाळ किती, मीठ किती हे तो डोळे मिटून सांगायचा. सामान आपण आणायचं, मजुरी तो शेकड्यावर घ्यायचा.

तो गौराक्काला घेऊन आला तेव्हा मी कागद तयार ठेवला होता. घरटी माणसं मोजलेली. शिरवळचं वऱ्हाड, भावकी, आळी, पोस्टातले, आमची घरची सव्वीस. एकूण तीनशे बारा.

शिदूनं कागदाकडं बघितलंच नाही. म्हणाला, "चारशे धरा."

"तीनशे बारा आहेत. मी एकेक मोजलाय."

"आवं दादा, ती तुमची कागदावरची. जेवाय कागद येतोय व्हय?"

आबा हसले. मीही हसलो. मग म्हटलं, "बरं, वरची अठ्ठ्याऐंशी कोण?"

"धरावी लागत्यात."

"पण कुणासाठी?"

"लग्नात धरावी लागत्यात. तुमच्या आबांस्नी इचारा."

आबा अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. ते कातरतच राहिले. आता वाटतं, त्यांना माहीत होतं. सगळा हिशेब माझ्या हातात दिला होता म्हणून त्यांनी तोंड उघडलं नसावं. किंवा सुमनच्या मशीनचं त्यांनाही ठाऊक होतं.

मी तिथंच गुणाकार केला. परमिटाची साखर पुरेना म्हणून बुंदी आधीच काढून टाकली होती आणि गुळातली गव्हाची खीर धरली होती. तसं एक पान मला मजुरीसकट एक रुपया सत्तर पैशांना पडत होतं. अठ्ठ्याऐंशी पानांचे एकशे एकोणपन्नास रुपये साठ पैसे. आकडा लिहिला आणि त्याच्याकडं बघत राहिलो. माझं मशीन तिथं होतं.

मग मी ते बोललो. कचेरीत कारकुनाला बोलतात त्या आवाजात. "शिदू, कारण सांगता येत नाही तो खर्च मी मान्य करत नाही. आचाऱ्याच्या यादीतला पोतंभर तांदूळ मागल्या दारानं कुणाच्या घरी जातो, ते आम्हालाही कळतं."

अडकित्ता थांबला. भिंतीशी बसलेली गौराक्का पदर सावरून उठली आणि अंगणाबाहेर जाऊन उभी राहिली. शिदूनं पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं.

"बरं. तीनशे बारा तर तीनशे बारा. माझ्या बापाचं काय जातंय?"

मी तेवढ्यावरही थांबलो नाही. मजुरी शेकड्यावर ठरवताना मी त्याला म्हटलं, "तीन शेकडे धरू. वरची बारा सोडून दे."

तो हसला. मला तेव्हा ते मान्य केल्याचं हसू वाटलं. "सोडली," म्हणाला.

लग्नाच्या दिवशी ऊन असं होतं की मांडवाखालची जमीनही तापली होती. पाणी बैलगाडीवरून पिपांत आणलं होतं आणि त्यावर एक माणूस राखण ठेवला होता. शिरवळचं वऱ्हाड ट्रकमधून आलं. अंगावर धूळ, फेट्यांवर धूळ, पण सगळे खुशीत. अक्षता पडल्या. चाळीस-चाळीसच्या पंगती बसायला लागल्या. मी कागद घेऊन खांबाशी उभा होतो आणि उठलेली प्रत्येक पंगत खुणेनं मोजत होतो. खिरीला गूळ बेताचा होता तरी लोक भुरके मारत होते. नवऱ्याचा चुलता मोठ्यानं म्हणाला, "खीर लय झ्याक!" माझा जीव भांड्यात पडला. पाहुण्यांची शेवटची पंगत उठली तेव्हा दोनशे त्र्याऐंशी पानं झाली होती. आमच्याकडं घरची माणसं सगळ्यांच्या मागून जेवतात. म्हणजे दोनशे त्र्याऐंशी आणि सव्वीस, तीनशे नऊ. तीन पानं उरणार होती. इतका बरोबर अंदाज मी कचेरीतही कधी बांधला नव्हता. मी स्वतःवर खूश होतो, हे लिहायला हवं.

तेवढ्यात शिदू आला. हात पुसत, माझ्याकडं न बघता म्हणाला, "दादा, बाहेरची पंगत बसलीया."

"कसली पंगत? सगळे जेवले."

"बाहेरची."

"किती जण?"

"तुमीच मोजा की. तुमाला चांगलं मोजाय येतंय."

मी मांडवाच्या मागं गेलो. शेजाऱ्याच्या परड्याच्या भिंतीची वीतभर सावली होती. त्या सावलीत, भिंतीला पाठ लावून, माणसं ओळीनं बसली होती. सडकेवरच्या पालांतली. कुणी ओरडत नव्हतं, कुणी हात पसरत नव्हतं. प्रत्येकानं आपल्यासमोरची जमीन हातानं साफ केली होती आणि तिथं आपापलं जर्मनचं ताट ठेवलं होतं. भुवया पांढऱ्या. बायकांनी पोरांना मांडीत दाबून धरलं होतं. पोरंही गप्प होती, म्हणजे ती बराच वेळ बसली होती. अक्षता पडल्या तेव्हापासून असतील.

मी मोजलं. त्या वेळीही मी मोजलं. एकसष्ट, कडेवरची सोडून.

ओळीच्या टोकाला एक म्हातारी होती. तिनं माझ्या हातातला कागद बघितला. तिला वाटलं असेल, हाच यजमान. म्हणाली, "बाबा, बसू का उठू? सांगा म्हंजी बरं."

या प्रश्नाला उत्तर नव्हतं असं नाही. दोनच उत्तरं होती आणि दोन्ही मला देता येईनात. मी मागं वळून शिदूला म्हटलं, "हे तू आधी का नाही सांगितलंस? मी विचारलं होतं ना तुला?"

"लगीन ठरवताना उपाशी मानसाचं नाव काढत न्हाईत, दादा. आमच्यात तरी न्हाई. पानं वाढवून सांगायची न् गप बसायचं. घेनारा बी इचारत न्हाई." आणि मग, "तुमी इचारलंत."

आबा माझ्या मागं केव्हा येऊन उभे राहिले होते, कळलं नाही. ते म्हातारीला म्हणाले, "बसा आक्का." शिदूला म्हणाले, "आमची घरची पानं इकडं वाढ."

सव्वीस पानं आणि वरची तीन. गौराक्कानं वाढलं. पळी भरून नव्हे, पळीच्या टोकानं, आधी पोरांना, मग बायकांना. माझ्यासमोरून दोनदा गेली पण मान वर केली नाही. ओळीत पुढं काय होणार ते मोठ्या माणसांनी हंड्याच्या आवाजावरून ओळखलं. तळाला पळी लागली की तांब्याचा एक आवाज येतो. तो आला तसे काही बाप्ये एकेक करून उठले. "आमी जेवूनशान आलोय," म्हणत धोतर झटकत गेले. अकरा जण. म्हातारीनं तिच्या ताटातली खीर नातवाच्या ताटात निपटून दिली, ताट पदरानं पुसलं आणि जाताना म्हणाली, "लेक सुखानं नांदू दे बाबा."

कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीची भरपाई करता येते.

आमच्या घरची माणसं त्या दिवशी चहावर राहिली. सुमनला हे काही समजलं नाही. ती नवऱ्याशेजारी बसून आधीच जेवली होती आणि ट्रकमध्ये मशीन चढवताना "पट्टा जपून, पट्टा जपून" म्हणून ओरडत होती. रडणाऱ्या बायकांतही तिचं लक्ष मशीनकडं होतं. माझी बायको मला म्हणाली, "बघा, किती आनंदली पोर." मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी शिदूची मजुरी द्यायला गेलो. तीन शेकड्यांची दिली आणि वरच्या बारा पानांचीही पुढं केली. त्यानं तीन शेकड्यांची मोजून घेतली आणि बाकीची माझ्या हातावर परत ठेवली. "ती सोडली म्हनलो हुतो न्हवं?"

या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला आहे. मी माझी बाजूही मांडून बघतो. मी पैसे खाल्ले नाहीत, उधळले नाहीत, बहिणीच्या हाताला काम दिलं. सुमनचा नवरा सरहद्दीवर असताना त्या मशीनवर तिनं घर चालवलं. आधी शेजारणींची पोलकी, मग शाळेच्या मुलींचे फ्रॉक. आता तिच्याकडं दोन मशिनं आहेत आणि तीन मुली शिकायला येतात. ती अठ्ठ्याऐंशी पानं मी धरली असती तर एकसष्ट माणसं एकदा जेवली असती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खडी फोडायला गेली असती. असं म्हटलं की मशीनची बाजू जड होते. मग तो प्रश्न आठवतो, बसू का उठू, आणि तराजू कुठल्या कुठं जातो. माझ्या धंद्यात दोन रकमा एकाच मापात मोजता आल्या तरच त्यांची वजाबाकी होते. इथं ती होत नाही. मी चुकलो असं म्हणायला जावं तर सुमनचं घर समोर येतं. बरोबर होतो म्हणायला जीभ रेटत नाही.

गेल्या महिन्यात सुमन लग्नाची यादी करायला शिरवळहून आली होती. यादी वाचून म्हणाली, "दादा, पानं बेतानं धर हं. आमच्या शेजारी परवा लग्न झालं, दोन हंडे भात ओढ्यात टाकला. तुला तर सांगायला नकोच म्हणा. माझ्या लग्नात तीन पानं उरली होती, आबा सगळ्यांना सांगायचे."

आबा तसं सांगायचे, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आता विचारता येणार नाही, की ते कुणाला झाकत होते.

मागच्या रविवारी शिदूकडं गेलो. तो गुडघ्यांनी थकलाय. ओट्यावर बसून हंड्यांना कल्हई करणाऱ्याशी घासाघीस करत होता. मला बघून म्हणाला, "या. किती पानं?"

"यादी तीनशे चाळीस. तू चारशे वीस धर."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "वरची ऐंशी?"

"धर की."

"आता कोन येतंय बाहेर? पाऊसपानी बरं हाय, हमीची कामं निघत्यात. दोन-तीन सालं झाली, कुनी बसल्यालं मी बघितलं न्हाई. फुकट जाईल."

"गेलं तर जाऊ दे."

"जाऊ दे? तुमी म्हंताय हे?" तो मोठ्यानं हसला आणि घराकडं तोंड करून ओरडला, "गौरे, ऐकलंस का? दादा म्हंत्यात, फुकट गेलं तर जाऊ दे!"

शिदूचं हसू मावळलं. म्हणाला, "रांधून देतो. पर उरल्यालं तुमी बगायचं. ही त्या भांड्याला हात लावायची न्हाई. तुमच्या त्या मागल्या दाराच्या बोलन्यापासनं कुनाच्याच मांडवातनं ती मूठभर भात घरला आनत न्हाई. मालक सोताहून द्याय लागला तरी न्हाई. पोरं ल्हान हुती तवाबी न्हाई आनला."

मी दार उघडं होतं तिकडं बघितलं. आत अंधार होता आणि कुणीतरी सूप पाखडत होतं. तिला काही बोलावं म्हणून उठलो. सुपाचा आवाज मध्ये थांबला नाही. इसार देऊन मी निघालो.

लग्नाला आठ दिवस राहिलेत, मी रजा टाकून आष्ट्यातच आहे. मी रोज संध्याकाळी आष्ट्याच्या सडकेनं फिरून येतो. बायकोला वाटतं, पाय मोकळे करायला जातो. खरं म्हणजे मी पालं दिसतात का बघतो. काल शेवटच्या पुलापर्यंत गेलो. सडक मोकळी होती. उसाच्या पाटाला पाणी होतं. दोन बायका गवताचे भारे घेऊन बोलत हसत चालल्या होत्या, चांगल्या जेवल्याखाल्लेल्या दिसत होत्या. त्यांना बघून बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, म्हणजे यातलं कुणी येणार नाही. आणि पुलावर उभा राहून मी चक्क मनात म्हटलं, ऐंशी नाहीत तर निदान चाळीस तरी उपाशी माणसं या आठ दिवसांत कुठून तरी यावीत.